तीन वेळा हॅलो

वीज तक्रार केंद्रात मुका फोन आला तर काय करायचं, हे ठरलेलं आहे. तीन वेळा हॅलो म्हणायचं, प्रत्येक हॅलोनंतर पाच सेकंद थांबायचं, आणि मग ‘आपला आवाज येत नसल्यामुळे मी फोन बंद करत आहे’ एवढं म्हणून मोकळं व्हायचं. सुपरवायझरने हा नियम छापून प्रत्येकीच्या टेबलावर चिकटवलाय. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो दिवसभर कानाला हेडफोन लावून आमचे फोन ऐकतो आणि संध्याकाळी आमची वाक्यं तपासून देतो. मी सात वर्षं हा नियम पाळतेय. मुके फोन येतातच. कुणाचा खिशात दाबला जातो, कुणाची लाइनच खराब असते, कुणी नुसता बाईचा आवाज ऐकायला लावतो. त्या मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला तोही मुकाच होता, म्हणजे माणूस मुका होता. मागे एक बाळ रडत होतं. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘नमस्कार, वीज तक्रार केंद्र, आपली काय तक्रार आहे?’ आणि रडणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. मी पहिलं हॅलो म्हटलं, तर तिकडून बाळाचा एक हुंदका आला, रडून झाल्यावर येतो तसला. दुसरं हॅलो म्हटलं आणि माझ्या ब्लाउजला ओल आली. मी खाली बघितलं. उजवीकडे पैशाएवढा डाग होता आणि तो वाढत होता. बाळंत होऊन मला सात आठवडे झाले होते, दूध बंद व्हायच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, आणि हे! मी फाइल छातीशी धरली, तिसरं हॅलो म्हटलं, वाक्य म्हटलं आणि फोन बंद केला.

कुणी म्हणेल, बाळं सगळी सारखीच रडतात. रडू देत. ते रडणं मी एकदा ऐकलं होतं, ऑपरेशनच्या टेबलावर, छातीपुढे बांधलेल्या हिरव्या कापडाच्या पलीकडून. सूर वर चढायचा, मग मधेच अडकायचा, दार घासत उघडावं तसा, आणि पुन्हा चढायचा. तीन की चार वेळा. मग पावलं वाजली, दार वाजलं, आणि रडणं लांब लांब गेलं. मी डॉक्टरांना विचारलं, काय झालं? ते टाके घालता घालता म्हणाले, ‘सगळं छान झालं.’ मी मुलगा की मुलगी विचारत होते. त्यांनाही ते कळलं असणार, पण करारात सांगायचं नाही असं होतं. सांगितलं की जीव गुंततो म्हणे. जणू तोवर तो कुठे खुंटीला टांगून ठेवला होता.

पोट माझं होतं. आतलं माझं नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. दुसऱ्या एका जोडप्याचं होतं, प्रयोगशाळेत तयार करून माझ्यात ठेवलेलं. हे मला इतक्या वेळा समजावलं गेलं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. समजावणारी बाई एजन्सीची होती. गोड बोलायची, म्हणून मी तिला मनात मधाळ म्हणायचे. ‘ताई, तुम्ही फक्त सांभाळताय,’ ती म्हणायची. ‘शेजारणीचं मूल तासभर सांभाळतो ना आपण, तसं.’ शेजारणीच्या मुलासाठी कुणाचं रक्त दीडपट होत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला सगळं उशिराच सुचतं. नवऱ्याला वाटलं होतं, एवढं एक केलं की राहत्या खोलीला दुसरी खोली जोडता येईल. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली न्यायची सोय करायची आणि स्वतः तिघांनी एका खोलीत राहायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. मीही हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. आज दुसरी खोली आहे, तिला मोठी खिडकी आहे, आणि मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. नवरा म्हणतो, ‘अगं, निदान कपडे तरी वाळत घाल तिथं.’ मी म्हणते, तूच घाल.

आणि तो पट्टा. पाचव्या महिन्यात त्या बाईंनी, म्हणजे बाळाच्या आईने, एक पट्टा पाठवला. पोटाभोवती बांधायचा, त्याला दोन चपटे स्पीकर, आणि त्यातून त्यांचा आवाज यायचा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बाळाला खऱ्या आईचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. मला तो नीट ऐकू यायचा नाही, पण पोटाच्या कातडीला कळायचा, बारीक गुणगुण, डास शिरल्यासारखी. पहिला महिना मी इमानेइतबारे बांधला. मग एक दिवस मोबाइलला लावून सगळं ऐकलं. ‘बाळा, मी तुझी आई. मी तुझी वाट बघतेय. तुझ्या खोलीला पिवळा रंग दिलाय.’ शब्दांत काही वाईट नव्हतं. वाईट इतकंच वाटलं की त्या सगळ्या बोलण्यात मी कुठेच नव्हते. बाळ एका पिवळ्या खोलीकडे निघालं होतं आणि मधला रस्ता कुणाच्या लक्षातच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी तो पट्टा उशीला बांधायला लागले. दोन तास उशी ऐकायची. मी शेजारी बसून मुंगीचा अभ्यास घ्यायचे. मुंगी म्हणजे माझी मुलगी, आठ वर्षांची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. थोडी वाटते.

मग त्या पोटातल्या जिवाने ऐकलं काय? सातव्या महिन्यापर्यंत मी कामावर होते. दिवसाचे आठ तास. ‘आपला ग्राहक क्रमांक सांगा.’ ‘आपल्या भागात दुरुस्ती सुरू आहे.’ ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ लोक शिव्या घालायचे, मी दिलगीर व्हायचे, आणि आत ते लाथ मारायचं. बरोबर ‘दिलगीर’ म्हटल्यावर. शेजारच्या टेबलावरच्या मावशी, ज्यांना सगळं ऑफिस मावशीच म्हणतं, पोटावर हात ठेवून हसायच्या. ‘हे बाहेर आलं की पहिल्यांदा मीटर नंबर विचारणार बघ.’ मीही हसायचे. पाय तेव्हाच सुजायला लागले होते. चप्पल निघायची नाही. डोकं असं ठणकायचं की पडद्यावरची अक्षरं पोहायची. दवाखान्यात सांगितलं तर त्यांनी रक्तदाब मोजला, एकमेकांकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘बाळाची हालचाल आहे ना?’ दुसऱ्याचं बाळ पोटात असलं की रक्तदाब जास्त चढतो, असं तिथल्याच एका नर्सने मला नंतर कानात सांगितलं. शरीर ते परकं आहे म्हणून भांडत असतं म्हणे. म्हणजे शरीराला करार मान्य नव्हता. सही माझी एकटीचीच होती. सोनोग्राफीचा पडदा त्या बाईंकडे वळवलेला असायचा. मी छताकडे बघत पडायचे आणि त्यांच्या तोंडावरून ओळखायचे की आत काय चाललंय. शेवटी आठव्या महिन्यात दाब इतका चढला की मला घाईघाईने कापलं. बाळ सहा दिवस काचेच्या पेटीत होतं. त्याला श्वास जड जात होता. हे मला झाडूवालीने सांगितलं. मी त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, टाके सांभाळत पडले होते, आणि कुणी मला खाली नेलं नाही. मी न्या म्हटलंही नाही. दुसऱ्यांवर राग काढायला जागा बरीच आहे, पण हा राग माझा माझ्यावरच आहे.

बुधवारी पुन्हा अकरा-दहाला फोन आला. गुरुवारी पण. गुरुवारी मावशींनी हेडफोन काढून मला म्हटलं, ‘अगं, तो मुका फोन आधी मला आला होता. मी नमस्कार म्हटलं मात्र, खाडकन ठेवला. माझ्या आवाजाला काय झालंय?’

‘काही नाही मावशी. लाइन खराब असेल.’

‘लाइन खराब असती तर बाळ कसं ऐकू आलं? कुणीतरी लेकुरवाळी आहे. तुझ्याकडेच बरा टिकतो.’

आमच्याकडे तीन टेबलं. फोन रिकाम्या टेबलाला लागतो. म्हणजे ती बाई, बाळाची आई, माझा आवाज लागेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवत होती. किती वेळा, कुणास ठाऊक. भेटायला यायची तेव्हा मी कुठे काम करते हे मीच तिला सांगितलं होतं, बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मला आधी संताप आला. आठ महिने पडदा स्वतःकडे वळवून घेतलास, आता कशाला? मग डोळ्यांपुढे आलं, पिवळी खोली, खांद्यावर रडून लाल झालेलं मूल, आणि त्याला जन्माआधीपासून ‘मी तुझी आई’ म्हणणारी बाई, जिला ते ओळखतच नाही. उशी ओळखत असेल. हे माझ्यामुळे झालं होतं. मी पट्टा बांधला असता तर त्या मुलाला आज झोप लागली असती. आणि त्याच क्षणी, खरं सांगते, मला आनंदही झाला. असला काळा आनंद मला कधी झाला नव्हता. ते मला ओळखतं. सगळ्या जगाने ठरवून मला त्याच्या आयुष्यातून पुसलं, आणि ते दीड वितीचं पोर मला ओळखतं!

मी दर वेळी तेच बोलले. नमस्कार, हॅलो, हॅलो, हॅलो, बंद करत आहे. दुसरं काय बोलणार? प्रत्येक फोन नोंदवला जातो, मास्तर ऐकतो. आणि करारात लिहिलंय की प्रसूतीनंतर कुठलाही संपर्क नाही. मी बोलले आणि ते कुणी ऐकलं, तर नोकरीही जाईल आणि एजन्सीही दारात उभी राहील. पण मी पाच सेकंदांचे सहा करायला लागले, मग सात. त्या सात सेकंदांत मला त्याचा श्वास ऐकू यायचा. थोडा घुरघुरता. मी मनात म्हणायचे, अजून छाती भरलेली आहे वाटतं, वाफ देतात की नाही? मावशींनी त्यांची शाल न विचारता माझ्या खुर्चीवर ठेवली, आणि ती मी छातीभोवती घेऊन बसायचे. संध्याकाळी मास्तर म्हणाला, ‘तुमचे मुके फोन लांबताहेत. पाच सेकंद म्हणजे पाच.’

त्याआधी, सहाव्या आठवड्यात दवाखान्यात टाके दाखवायला गेले होते, तिथल्या काउंटरवर कागदांचा गठ्ठा होता. वरचा मी वाचला. दहा प्रश्न होते. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का? विनाकारण भीती वाटली का? झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का? स्वतःला इजा करावी असं मनात आलं का? मी तिथेच उभ्या उभ्या उत्तरं द्यायला लागले, मनातल्या मनात. दहाच्या दहा. नर्सला म्हटलं, हा एक कागद मला द्या ना. तिने माझी फाइल बघितली आणि म्हणाली, ‘हा आयांसाठी असतो. तुमच्या केसमध्ये तो त्या मॅडमना दिलाय.’ ती वाईट नव्हती. तिला तसंच सांगितलं होतं. मी मधाळला फोन केला, म्हटलं, मला कुणाशी तरी बोलायचंय, मला बाथरूममध्ये गेलं की रडू येतं आणि थांबत नाही, मुंगीने हात लावला तरी अंगावर काटा येतो. ती म्हणाली, ‘ताई, थकवा आहे तो. आणि करारातले तुमच्या देखभालीचे सहा आठवडे तर शुक्रवारी संपले ना.’ शुक्रवारी! जणू शुक्रवारी कुणी येऊन माझ्या डोक्यातलं सामानही उचलून नेणार होतं. मुंगीला आम्ही सांगितलं होतं की हे आपलं नाही, सांभाळायला दिलंय, मग परत द्यायचंय. तिने तेव्हा मान हलवली. आता शाळेत जाताना ती माझा हात घट्ट धरते आणि दर दोन-तीन दिवसांनी विचारते, ‘मी आपली आहे ना?’ मी म्हणते, हो गं बाई. ती म्हणते, ‘नक्की?’ आठ वर्षांच्या पोरीने हा प्रश्न विचारायचा, आणि मी काय करायचं, तर घड्याळ बघत म्हणायचं, चल, उशीर होतोय.

अकरा फोन आले. अकरावा सोमवारी. त्यात पहिल्यांदा त्या बाईचा आवाज आला. माझं तिसरं हॅलो झालं होतं आणि ती अगदी हळू म्हणाली, ‘बोला ना. काहीही.’ आवाज ओळखू येत नव्हता, पट्ट्यातला तो भरलेला, गोड आवाज कुठेच नव्हता. कित्येक दिवसांत न झोपलेल्या बाईचा आवाज होता. माझ्या जिभेवर शब्द आले. पण मास्तर समोर होता आणि त्याच्या पडद्यावर माझ्या टेबलाचा दिवा हिरवा होता, म्हणजे तो ऐकत होता. मी म्हटलं, ‘आपला आवाज येत नसल्यामुळे मी फोन बंद करत आहे.’ आवाज येत असताना म्हटलं. आणि बंद केला.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं. गेली नोकरी तर गेली. उद्या बोलायचं. बसमध्ये मी तिकिटाच्या मागे लिहायला बसले, काय बोलायचं ते. ‘बाळा’ लिहिलं आणि खोडलं, तो त्या बाईंचा शब्द. ‘मी’ लिहिलं आणि पुढे अडले. मी कोण? आई नाही, मावशी नाही, आत्या नाही. एवढी नाती आपल्याकडे, चुलत, मावस, सावत्र, मानलेलं, दूधभाऊसुद्धा आहे, आणि ज्या बाईच्या रक्तावर एक जीव आठ महिने वाढला तिला म्हणायला शब्द नाही. शेवटी ठरवलं, नाव-गाव काही नको. एवढंच म्हणायचं: झोप. मी इथेच आहे. दिवे गेले तरी मी इथेच असते, घाबरू नकोस. हे म्हणायला पाच सेकंद पुरतात. मी मोजून बघितलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने सरकून घेतलं, त्याला वाटलं असणार बाई आपल्याशीच पुटपुटतेय.

मंगळवारी अकरा-दहाला फोन आला नाही. साडेअकराला एका माणसाची फेज गेली होती. बाराला एका आजोबांच्या घरात नुसताच पंखा चालत नव्हता, वीज होती. मी प्रत्येक फोन घेताना ते वाक्य तोंडात धरून होते. बुधवारी नाही. गुरुवारी मी जेवायला उठलेच नाही. मावशी म्हणाल्या, ‘तुझी लेकुरवाळी गेली वाटतं कंटाळून. कशाला एवढं मनावर घेतेस?’ शुक्रवारी ब्लाउज कोरडा होता. दिवसभर कोरडा. तेव्हा मला कळलं की दूध आता खरंच गेलं.

पुढच्या आठवड्यात मधाळ ऑफिसात आली. खाली, पाण्याच्या यंत्रापाशी मला बोलावलं. तिच्या हातात पातळ फाइल होती.

‘ताई, रागावू नका हं. एक छोटीशी सही हवीय.’

‘सहा आठवडे संपले ना?’

‘तसं नाही हो. त्या मॅडमनी तुम्हाला काही फोन केले, ते चूकच झालं, त्यांना मी बोललेय. पण त्यांचीही दया येते. काचेच्या पेटीतनं घरी आणल्यापासून मूल झोपायचं नाही, दूध ओढायचं नाही, वजन धरेना. डॉक्टरही हरले. आणि तुमच्या आवाजाने शांत व्हायचं. मुलगी मोठी हट्टी आहे बाई.’

मुलगी. असं मला कळलं, पाण्याच्या यंत्रापाशी. मी यंत्राचा नळ उगाच उघडला आणि बंद केला.

‘मग आता?’ मी विचारलं.

‘आता छान आहे. त्यांनी तुमचे फोन भरून घेतले होते मोबाइलवर. तेच लावतात. पाळण्यात स्पीकर ठेवलाय. पण तुमचा आवाज आहे, तर उद्या काही नको निघायला, म्हणून ही सही. वापरायला हरकत नाही एवढंच.’

‘कुठला फोन लावतात?’

‘म्हणजे?’

‘अकरा होते. कुठला लावतात?’

तिने जरा कां-कू केलं, मग तिच्याच मोबाइलवर लावून दाखवलं. माझा आवाज आला. माझाच, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता. नमस्कार, वीज तक्रार केंद्र, आपली काय तक्रार आहे? हॅलो. हॅलो. हॅलो. आपला आवाज येत नसल्यामुळे मी फोन बंद करत आहे. आणि पुन्हा पहिल्यापासून, नमस्कार. तो सोमवारचा नव्हता, त्यात त्या बाईचं ‘बोला ना’ नव्हतं. किंवा कापलं होतं.

‘तेवढं शेवटचं वाक्य काढा,’ मी म्हटलं. ‘बाकी ठेवा. मी दुसरं बोलून देते हवं तर. आत्ता देते. माझ्याकडे आहे वाक्य.’

‘नको ताई.’ तिचा आवाज पहिल्यांदा गोड नव्हता, साधा होता. ‘काढून बघितलं त्यांनी. ती तिथेच डोळे मिटते. बंद करत आहे म्हटलं की झोपते. ते नसलं तर वाट बघत जागीच राहते.’

मी सही केली. सही करायला मला कधी वेळ लागत नाही. मधाळने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला, आणि ‘काळजी घ्या’ म्हणून गेली. मी जिना चढले. मधल्या मजल्यावर दम लागला, रक्तदाब अजून उतरलेला नाही, डॉक्टर म्हणतात आता तो तुमचा तुम्हालाच सांभाळायचाय. मी कठड्याला धरून उभी राहिले. आठ महिने तिने माझ्या आत बसून मला ऐकलं होतं, आणि बाहेर आल्यावर ऐकवायला माझ्याकडे अकरा वेळा जागा होती. अकरा वेळा मी तिला एकच सांगितलं, की तू मला ऐकू येत नाहीस. तेच आता तिचं अंगाईगीत. ती मोठी होईल, विसरेल, पण अंगात कुठेतरी ते राहील, की झोप तेव्हाच येते जेव्हा पलीकडून कुणीतरी ठेवून देतं.

टेबलावर बसले तर दिवा लुकलुकत होता. नमस्कार म्हटलं, पलीकडे कुणी नाही. रहदारी, एक हॉर्न, कापडाची घसट. कुणाचा तरी खिशात दाबला गेला असणार. मी पहिलं हॅलो म्हटलं. पाच सेकंद थांबले. दुसरं म्हटलं. मग मी काहीच म्हटलं नाही. दहा सेकंद झाले, वीस झाले, पडद्यावर आकडे पळत होते. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मास्तर हेडफोन काढून उठला, माझ्या टेबलापाशी आला, चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं.

‘कुणी नाहीये त्यावर. बंद करा.’

‘तुम्ही करा,’ मी म्हटलं.